फलाटावरील स्वयंचलित दारे : रचना, कार्य आणि मर्यादा

फलाटाची कड आणि गाडीचा डबा यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर असते. गाडी उभी असताना ते अंतर लहान मूलही सहज ओलांडते. गाडी चालू असताना मात्र तेच अंतर जीवघेणे ठरते. ज्या स्थानकांतून दररोज लाखो माणसांची ये-जा होते, तेथे मागून येणाऱ्या एखाद्या धक्क्याने पुढचा मनुष्य रुळांवर जाऊ शकतो आणि दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाचा हात एखाद्या वळणावर सुटू शकतो. फलाटावर पिवळी रेषा आखणे, ध्वनिक्षेपकावरून सूचना देणे, पोलीस उभे करणे हे उपाय पूर्वापार चालत आलेले आहेत. परंतु या सर्व उपायांची भिस्त शेवटी माणसाच्या सावधपणावर असते आणि घाई व गर्दी यांत पहिला बळी जातो तो सावधपणाचाच. म्हणूनच गेल्या सुमारे साठ वर्षांत जगातील अनेक शहरांनी या कडेवरच दार बसविण्याचा मार्ग पत्करला. ही दारे कशी चालतात, त्यांनी काय साधते आणि काय साधत नाही, याची माहिती प्रवासी, शिक्षक व अधिकारी या सर्वांनाच उपयुक्त ठरावी.

दोन दारे, एक कार्य

या विषयात दोन निरनिराळी दारे लक्षात घ्यावयास हवीत. पहिले गाडीच्या डब्याचे दार. ते प्रवाशाने हाताने न उघडता यंत्राने उघडते व मिटते. दुसरे फलाटाच्या कडेवर उभारलेले दार. गाडी येईपर्यंत ते मिटलेले असते. गाडी येऊन थांबली की डब्याचे दार आणि फलाटाचे दार समोरासमोर येतात व दोन्ही एकाच वेळी उघडतात. पहिल्या दारामुळे चालत्या गाडीतून पडण्याचा धोका टळतो, तर दुसऱ्यामुळे फलाटावरून रुळांवर पडण्याचा.

फलाटावरील दारांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. भुयारी स्थानकांत ती बहुधा छतापर्यंत उंच असतात. त्यामुळे स्थानकातील थंड हवा बोगद्यात निघून जात नाही आणि बोगद्यातून येणाऱ्या गाडीने पुढे ढकललेला वाऱ्याचा लोट प्रवाशांच्या अंगावर येत नाही. उघड्या किंवा उन्नत स्थानकांत छातीच्या आसपास उंचीची दारे बसवितात. त्यांनी हवा अडत नाही. माणूस मात्र अडतो. खर्च कमी आणि फलाटावर भारही कमी, म्हणून जुन्या स्थानकांत या दुसऱ्या प्रकारास प्राधान्य मिळते.

कल्पनेचा प्रवास

फलाट आणि रूळ यांच्यामध्ये दारे बसविण्याचा पहिला मोठा प्रयोग सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड येथे झाला. हे शहर आज सेंट पीटर्सबर्ग या नावाने ओळखले जाते. १९६१ साली तेथील ‘पार्क पोबेदी’ हे भुयारी स्थानक सुरू झाले. त्यात प्रवाशांच्या दालनाच्या दोन्ही बाजूंस भिंती असून ठरावीक अंतरावर पोलादी दारे होती. एखाद्या उद्वाहकासमोर उभे राहावे तसे प्रवासी या दारांसमोर उभे राहत आणि पलीकडे आलेली गाडी त्यांना दिसतही नसे. गाडी नेमक्या जागी थांबविण्याचे कसब चालकास दाखवावे लागे.

फ्रान्समधील लील शहरात १९८३ साली चालकाविना धावणारी भुयारी रेल्वे सुरू झाली. गाडीत चालक नाही, म्हणजे रुळांवर पडलेला मनुष्य पाहून गाडी थांबविणारा कोणी नाही. तेथे फलाटावरील दारे ही सोय नसून गरजच होती. १९८७ साली सिंगापूरने आपल्या भुयारी स्थानकांत छतापर्यंतची काचेची दारे बसविली. उष्ण व दमट हवामानात स्थानक थंड राखण्याचा खर्च कमी व्हावा, हा तेथील एक प्रमुख हेतू होता. त्याच शहरातील उन्नत स्थानके मात्र उघडीच ठेवण्यात आली होती. पुढे तेथेही कमी उंचीची दारे बसविण्यात आली व हे काम २०१२ साली पूर्ण झाले. लंडनमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या ज्युबिली मार्गाच्या वाढीव भागातील भुयारी स्थानकांना अशी दारे लाभली.

चालू असलेल्या जुन्या मार्गावर दारे बसविणे हे नव्या मार्गापेक्षा पुष्कळच अवघड असते. तरीही हाँगकाँगने तसे केले आणि त्या खर्चासाठी प्रवाशांकडून प्रत्येक फेरीमागे दहा सेंटांची अल्पशी रक्कम घेतली. पॅरिसच्या सर्वांत जुन्या, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या मार्गावरही वाहतूक दीर्घ काळ बंद न ठेवता अशीच दारे बसविण्यात आली. इच्छा आणि पैसा यांची सांगड बसली, तर जुने स्थानकही सुरक्षित करता येते, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते.

भारतातील वाटचाल

भारतातील पहिली भुयारी रेल्वे कोलकाता येथे २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाली. तिच्या डब्यांची दारे आरंभापासूनच स्वयंचलित होती. फलाटाच्या कडेवरील उंच दारे मात्र देशात प्रथम आली ती दिल्लीच्या विमानतळ मार्गावर, २०११ साली. त्यानंतर २०१७ साली चेन्नईच्या भुयारी स्थानकांत आणि २०२० साली कोलकात्याच्या पूर्व-पश्चिम मार्गावर ती दिसू लागली. मुंबईत २०२२ साली सुरू झालेल्या ‘२ अ’ व ‘७’ या उन्नत मार्गांवर कमी उंचीची दारे आहेत, तर २०२४ ते २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या ‘मेट्रो ३’ या भुयारी मार्गावर छतापर्यंतची दारे आहेत.

स्वयंचलित दारे आता केवळ महानगरांपुरती राहिलेली नाहीत. हैदराबादची मेट्रो २०१७ साली आणि इंदूरची मेट्रो २०२५ साली सुरू झाली. त्यांच्या डब्यांना अशीच दारे आहेत. ‘वंदे भारत’ ही गाडी २०२३ च्या जूनपासून मडगाव व मुंबई यांच्या दरम्यान आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून बेळगावमार्गे हुबळी व पुणे यांच्या दरम्यान धावू लागली. बडोदे व ग्वाल्हेर येथील प्रवाशांनाही या गाडीचा परिचय झालेला आहे. तेव्हा ज्या खेडुताने जन्मभर गाडीचे दार स्वतःच्या हाताने उघडले, त्यालाही आता यंत्राच्या दारातून जावे लागते. त्या दाराची रीत त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दाराचे कार्य कसे चालते

गाडी स्थानकात शिरल्यावर प्रथम ती ठरलेल्या खुणेवर थांबली पाहिजे. ती थोडी पुढे वा मागे गेली, तर डब्याचे दार फलाटावरील भिंतीसमोर येईल. हे काम बहुतेक ठिकाणी स्वयंचलित यंत्रणेकडे सोपविलेले असते. गाडी पूर्णपणे थांबली आहे, योग्य जागी थांबली आहे आणि फलाट कोणत्या बाजूस आहे, या तिन्ही गोष्टींची खात्री पटल्याखेरीज दार उघडण्याची आज्ञा दिली जात नाही.

त्यानंतर दोन्ही दारे उघडतात. ठरावीक सेकंदांनी घंटेसारखा इशारा होतो आणि दारे मिटू लागतात. मिटताना मध्ये हात, पिशवी किंवा पाय आला, तर दारास अडथळा जाणवतो व ते पुन्हा उघडते. अडथळा दूर झाल्यावर ते परत मिटते. सर्व दारे मिटली व त्यांच्या कड्या आतून बसल्या, म्हणजे मगच गाडीस सुटण्याची परवानगी मिळते. एकही दार अर्धवट राहिले, तरी गाडी जागची हलत नाही. या व्यवस्थेचे खरे मर्म या शेवटच्या नियमात आहे.

संकटकाळासाठीही योजना केलेली असते. वीज गेली किंवा गाडी चुकीच्या जागी थांबली, तर रुळांच्या बाजूने हाताने मूठ फिरवून फलाटाचे दार उघडता येते. सरकत्या दारांच्या मधल्या भिंतीतही काही ठिकाणी ढकलून उघडणारी आपत्कालीन दारे ठेवलेली असतात. कर्मचाऱ्यांपाशी त्यांच्या किल्ल्या असतात.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

एवढी मोठी गाडी एका अर्धवट दारामुळे कशी थांबते, याचे विद्यार्थ्यांना नवल वाटते. त्याचे उत्तर माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. शिक्षकांनी एक विजेरीचा घट, एक छोटा दिवा आणि चार बटणे घ्यावीत. ही चारही बटणे एकसर जोडणीने, म्हणजे एकापुढे एक अशी, एकाच तारेत जोडावीत. प्रत्येक बटण म्हणजे एक दार आणि दिवा म्हणजे गाडी सुटण्याची परवानगी, असे समजावे. बटण दाबले म्हणजे दार मिटले. चारही बटणे दाबल्यावर दिवा लागतो. कोणतेही एक बटण सोडले की दिवा विझतो. गाडीच्या दारांची जोडणी तत्त्वतः अशीच असते.

यानंतर शिक्षकांनी चारही बटणे दाबलेली असताना मधली तार तोडावी. दिवा लगेच विझेल. येथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा : हीच जोडणी उलट केली, म्हणजे दार उघडे असताना धोक्याचा तांबडा दिवा लागावा व दार मिटल्यावर तो विझावा, अशी केली तर काय बिघडेल? वरवर पाहता दोन्ही जोडण्या सारख्याच भासतात. परंतु उलट जोडणीत तार तुटली, तर दार उघडे असूनही दिवा लागणार नाही आणि सर्व काही ठीक आहे असा खोटा भरवसा मिळेल. पहिल्या जोडणीत मात्र तार तुटली किंवा घट संपला, तरी दिवा विझतो आणि गाडी थांबून राहते. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूस झुकावा, हे अभियंत्यांचे तत्त्व होय. रेल्वेच्या सिग्नलपासून कारखान्यातील यंत्रांपर्यंत ते सर्वत्र पाळले जाते. त्यामुळे थोडा खोळंबा होतो, हे खरे. पण खोळंब्याची भरपाई करता येते, प्राणांची नाही.

जेथे यंत्र अपुरे पडते

तथापि यंत्र सर्वज्ञ नाही. दार पुरते मिटले की नाही, हे त्याला फटीच्या मापावरून कळते. फट फार लहान असेल, तर यंत्र ती मिटलेलीच समजते. हाताचे बोट, लुगड्याचा पदर, ओढणी किंवा पिशवीचा बंद अशा बारीक वस्तू त्या फटीत राहू शकतात. १३ जुलै २०१९ रोजी कोलकाता मेट्रोच्या पार्क स्ट्रीट स्थानकावर एका वयस्क प्रवाशाचा हात डब्याच्या दारात अडकला असताना गाडी सुटली आणि त्या प्रवाशास प्राण गमवावे लागले. त्या फलाटावर कडेची दारे नव्हती. मिटू लागलेल्या दारात हात घालून ते थोपविण्याची सवय किती घातक आहे, हे या एका घटनेवरून ध्यानात यावे.

दुसरी मर्यादा देखभालीची आहे. दार दिवसातून शेकडो वेळा उघडते व मिटते. त्याचे पट्टे झिजतात, खाचेत धूळ साचते. दक्षिण कोरियातील सोल शहराने २००९ साल संपेपर्यंत आपल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर फलाटाची दारे बसविली आणि त्यानंतर रुळांवर पडून किंवा उडी घेऊन होणारे मृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले. परंतु त्याच शहरातील गुई स्थानकावर २८ मे २०१६ रोजी दाराची दुरुस्ती करणारा १९ वर्षांचा एक कामगार येणाऱ्या गाडीखाली सापडून मरण पावला. कंत्राटदाराकडे काम करणारा तो तरुण त्या वेळी एकटाच होता. असे काम दोघांनी मिळून करावयाचे असते, म्हणजे एकाने दुरुस्ती करावी व दुसऱ्याने गाडीकडे लक्ष ठेवावे. प्रवाशांच्या जिवासाठी बसविलेले दार राखणाऱ्याच्या जिवावर बेतू नये, हा धडा दारे बसविणाऱ्या प्रत्येक प्रशासनाने घ्यावयाचा आहे. दाराच्या खरेदीबरोबरच त्याच्या देखभालीसाठी पुरेशी माणसे आणि काटेकोर नियम यांची तरतूद होणे तितकेच महत्त्वाचे ठरते.

मुंबईच्या लोकलचा प्रश्न

स्वयंचलित दारांची चर्चा मुंबईच्या लोकलगाडीचा उल्लेख केल्यावाचून पूर्ण होणार नाही. गोवा, बेळगाव, इंदूर किंवा हैदराबाद येथील कितीतरी कुटुंबांतील कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी मुंबईत असतो व रोज या गाडीने प्रवास करतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी दोन हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत रूळ ओलांडताना मेलेल्यांची संख्या मोठी असून चालत्या गाडीतून पडलेल्यांचीही संख्या थोडी नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले व त्यांतील काही जण दगावले.

मग सर्व लोकलगाड्यांना तत्काळ दारे का लावू नयेत, असा प्रश्न सहजच मनात येतो. त्याचे उत्तर सोपे नाही. साध्या लोकलमध्ये उघडे दार हेच हवा येण्याचे मुख्य साधन आहे. खचाखच भरलेल्या डब्याचे दार मिटले, तर आतील माणसे गुदमरतील. म्हणून २५ डिसेंबर २०१७ रोजी स्वयंचलित दारांची जी पहिली लोकल बोरिवली व चर्चगेट यांच्या दरम्यान धावली, ती वातानुकूलित होती. मुंब्र्याच्या दुर्घटनेनंतर रेल्वेने विनावातानुकूलित डब्यांसाठीही स्वयंचलित दारांची रचना आखली. तीत तीन बदल योजण्यात आले : दारांना हवा येण्याजोग्या झडपा, छतावरून ताजी हवा आत सोडणारी यंत्रे आणि गर्दी विभागली जावी म्हणून एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट.

दुसरी अडचण वेळेची. समजा, दारे मिटण्यासाठी प्रत्येक स्थानकावर दहा सेकंद अधिक लागले आणि मार्गावर पंचवीस स्थानके आहेत. तर एका फेरीत २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक विलंब होईल. ज्या मार्गावर तीन-चार मिनिटांनी गाडी सुटते, तेथे एवढा विलंबही वेळापत्रकास जड जातो. गर्दीमुळे दारच मिटेनासे झाले, तर हा विलंब याहूनही वाढतो. फलाटाच्या कडेवरील दारांची अडचण आणखी निराळी आहे. एकाच फलाटावर बारा व पंधरा डब्यांच्या गाड्या येतात आणि काही ठिकाणी लांब पल्ल्याच्या गाड्याही थांबतात. त्यांच्या दारांच्या जागा एकमेकींशी जुळत नाहीत. मेट्रोच्या मार्गावर सर्व गाड्या एकाच मापाच्या असल्यामुळे ही अडचण उद्भवत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दार हे गर्दीवरील औषध नव्हे. डब्यात मावतील त्याहून अधिक माणसे असतील, तर सर्वोत्तम दारही मिटणार नाही. अधिक गाड्या, अधिक डबे, रुंद पादचारी पूल आणि रुळांलगतच्या भक्कम भिंती यांच्या जोडीने दारे आली, तरच त्यांचा पूर्ण लाभ पदरात पडेल.

प्रवाशांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. फलाटावरील दारास टेकून उभे राहू नये, तसेच त्यावरून हात किंवा सामान पलीकडे नेऊ नये.

२. दारासमोर मध्यभागी उभे न राहता बाजूस उभे राहावे. उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी.

३. मिटण्याचा इशारा झाल्यावर आत शिरण्याचा किंवा बाहेर पडण्याचा यत्न करू नये. पुढील गाडीची वाट पाहावी.

४. पदर, धोतराचा सोगा, ओढणी व पिशवीचे बंद आवरून धरावेत. लहान मुलाचा हात धरून त्याला आपल्याबरोबरच चढवावे; आधी किंवा मागून नव्हे.

५. स्वयंचलित दारांच्या लांब पल्ल्याच्या गाडीत निरोप देण्यासाठी डब्यात चढू नये. दारे मिटल्यावर ती मधेच उघडत नाहीत आणि निरोप देणाऱ्यास पुढील थांब्यापर्यंत जावे लागते. वृद्धांचे सामान आत ठेवावयाचे असल्यास सहप्रवाशाची मदत घ्यावी.

६. आपत्कालीन मूठ किंवा बटण यांचा उपयोग केवळ खऱ्या संकटातच करावा. त्याची जागा मात्र गाडीत बसताच पाहून ठेवावी.

७. दार नीट मिटत नसल्याचे आढळल्यास ते हाताने ओढू नये. जवळच्या कर्मचाऱ्यास त्वरित कळवावे.

माणसाच्या सावधपणावर सोपविलेली सुरक्षितता व्यवस्थेवर सोपविणे, हा स्वयंचलित दारांमागील हेतू आहे. ही व्यवस्था आखणाऱ्यांवर नियमांच्या काटेकोरपणाची, ती राखणाऱ्यांवर नित्याच्या देखभालीची आणि ती वापरणाऱ्यांवर थोड्या संयमाची जबाबदारी येते. दारात पाय ठेवून एक गाडी थोपविणारा प्रवासी त्या एका गाडीबरोबरच मागून येणाऱ्या गाड्यांतील असंख्य माणसांचाही वेळ घेत असतो आणि क्वचित स्वतःचा जीवही पणाला लावतो. शाळाशाळांतून वरील छोटा प्रयोग करून दाखविला गेला आणि मुलांनी घरी जाऊन तो वडीलधाऱ्यांना समजावून सांगितला, तर खेड्यातून प्रथमच मोठ्या शहरी जाणारा प्रवासीही या दारासमोर बिचकणार नाही.